दुपट्ट्याखालचा भाव

आम्हा बायकांना फसवलं ते आमच्याच युनियनच्या देवरावने. जिनिंगच्या शेठने नव्हे. शेठ शेठसारखा वागला, त्याच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. देवराव आमचा होता. आमच्याकडूनही तो वर्गणी घ्यायचा, आमच्या चुलीजवळ बसून चहा प्यायचा, आणि संप मिटवायच्या दिवशी त्याने पुरुषांची मजुरी वाढवून घेतली, बायकांची होती तिथंच राहिली. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी कापसाबद्दल बोलणार आहे, थंडीबद्दल बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की बाई जुन्या आठवणींत रमली. मी रमलेली नाही.

दिवाळी सरली की दिग्रसच्या रस्त्यांवर कापूस दिसू लागतो. भरलेल्या गाड्या जातात आणि मागे थोडा थोडा सांडत जातात. बाभळीच्या काट्यांना तो अडकतो, नालीच्या कडेला मळून पडतो, विजेच्या तारेवर एखादं बोंड आठवडाभर लोंबत राहतं. पुसदच्या रस्त्यावर माझं ढेपेचं दुकान आहे. सरकीतून तेल काढल्यावर जी उरते ती ढेप, गाई-म्हशींना घालतात. परवा सकाळी शटर वर केलं तर उंबरठ्याशी मूठभर कापूस येऊन पडला होता. झाडूने लोटायच्या आधी मी तो उचलला, चिमटीत धरून ताणला. धागा किती लांब येतो ते पाहायचं आणि मनातल्या मनात भाव करायचा, ही सवय काही जात नाही. सकाळी गिऱ्हाईक नसतं. घरातही बोलायला कुणी नाही. मग मी कापसाशीच भाव करते. तो पडतं घेतो.

संप झाला तेव्हा मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. मोकळ्या आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या, घराहून उंच. आम्ही बायका त्या गंजीपाशी बसून डागी कापूस, वाळकी पानं, काड्या, कधी सुतळी, कधी बिडीचं थोटूक वेचून बाजूला काढायचो आणि चांगला कापूस चादरीत बांधून यंत्रापर्यंत न्यायचो. यंत्रं चालू झाली की दिवसभर घरघर. शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या घरच्यांना वाटायचं की आम्ही भांडकुदळ आहोत. मी होतेच, ती गोष्ट वेगळी.

पौषातल्या सकाळी आठवतात. अंगात एक जुना स्वेटर, नाकाला फडकं, पायात रबरी चपला. हात असे गार पडायचे की पान तुटतंय की नख, ते कळायचं नाही. पण गंजी आतून गरम असते, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. वरचा कापूस दहिवराने ओलसर लागतो आणि हात कोपरापर्यंत आत घातला की पोटात ऊब असते, गाभण गाईच्या कुशीसारखी. चपला काढून पाय खुपसून बसायचं. एक वास यायचा, सरकीचा, तेलकट, थोडा मातीचा. तांड्यावरची शेवंता डोळे मिटून म्हणायची, ‘‘याडी, इथंच मेली तरी चालते मले. लाकडं बी नाई लागणार.’’ वयाने मी तिच्याहून फार मोठी नव्हते, पण ती मला याडी म्हणायची, म्हणजे आई. मी बोलायला पुढे व्हायचे म्हणून असेल.

संध्याकाळी घरी जाताना आम्ही सगळ्याजणी म्हाताऱ्या झालेल्या असायचो. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा तंतू. आमचे हे त्याच जिनिंगमध्ये हमाल होते, रुईच्या गाठी उचलायचे. त्यांचंही डोकं पांढरं. आम्ही दोघं बरोबर निघायचो आणि रस्त्यात कुणीतरी हटकून म्हणायचं, ‘‘पाह्य, बुढा-बुढी चालले!’’ घरी येऊन डोक्यावर पाणी घेतलं की पुन्हा तरुण. आता मी न धुताही तशीच दिसते आणि बरोबर चालायला कुणी नाही.

भाव करायला मी शिकले बापाकडून. तो बैलबाजारात कासरे आणि वेसणी विकायचा आणि मी त्याच्या पोत्याच्या कडेला बसून बाजार पाहायचे. बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबतात. कोणती आणि किती बोटं दाबली, त्यावर रक्कम. भोवती शंभर माणसं असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. जमलं तर दुपट्टा निघतो, नाही जमलं तरी निघतो, आणि कुणाची अब्रू जात नाही. मी त्या माणसांची तोंडं वाचायला शिकले. पापणी कधी हलते, गिळतो कोण, हसतो कोण. बाप म्हणायचा, ‘‘तू पोरगा असती तं दलाल झाली असती.’’

संप त्या वर्षी ऐन भरात, कापसाची आवक सगळ्यात जास्त असताना झाला. तो मुहूर्त माझाच होता. देवराव म्हणत होता संक्रांतीनंतर पाहू. मी म्हटलं, गंजी आवारात मावत नाही तेव्हाच शेठला आपली गरज, नंतर कोण विचारतं? युनियन मुळात हमालांची. बायकांना तिच्यात मी आणलं होतं, घरोघर जाऊन. मागणी एकच होती: हमालांनाही वाढ आणि बायकांनाही वाढ, एकाच दिवशी.

आम्ही फाटकाशी बसलो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो, पार नाल्याच्या पुलापर्यंत. पुरुष पत्ते खेळायचे. बायका गाड्या अडवायच्या. एक शेतकरी टेम्पोच्या टपावरून माझ्यावर ओरडला, ‘‘वो बाई, बाजूले व्हा ना! आमचा कापूस खराब होऊन राह्यला.’’

‘‘तुमच्या कापसाले भाव पाह्यजे, मंग आमच्या हाताले नको काय?’’

‘‘आमचा भाव बी तोच शेठ पाडते, बाई. माह्याशी भांडून तुले काय भेटन?’’

‘‘मंग उतरा ना खाली. बसा इथं. भाकर आहे, ठेचा आहे.’’

माणूस खरंच उतरला. जेवला. ठेचा तिखट लागला म्हणून डोळे पुसत म्हणाला, ‘‘असा ठेचा शेठले चारा एक डाव, संध्याकाळपावतो मजुरी वाढवते.’’ आम्ही इतक्या हसलो की पत्ते खेळणारे वळून पाहू लागले. मला त्या दिवसांतलं ते हसणं अजून ऐकू येतं. यंत्रं बंद होती ना. पहिल्यांदाच आम्ही एकमेकींचा आवाज न ओरडता ऐकत होतो. शेवंताचा आवाज किती बारीक आहे हे मला तेव्हा कळलं.

मग शेठ फाटकाबाहेर आला. त्याने मध्ये बाजेवर बसून सरळ सांगितलं, ‘‘वाढ द्यायले मी तयार आहो. पण मोठ्यानं आकडा बोललो तं बाकीचे जिनिंगवाले मले जगू देणार नाहीत. देवराव, दुपट्ट्याखाली करू.’’

देवराव खूश झाला. तोही बैलबाजारातला जुना माणूस. त्याने खांद्यावरचा दुपट्टा झटकला.

मी उठले. ‘‘बायकांचा भाव मी करीन.’’

शेठ हसला. ‘‘म्हणजे कसं, बाई? दुपट्ट्याखाली तुमचा हात मी धरू? उद्या दिग्रस काय म्हणन?’’

सगळे हसले. शेतकरी हसले, हमाल हसले, आमच्या बायकाही पदर तोंडात धरून हसल्या.

‘‘मंग आमचा आकडा तोंडानं सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘वहिनी, कायले ताण देता?’’ देवराव म्हणाला. ‘‘मी आहो ना. माहा हात तोच तुमचा हात.’’

शेवंताने मागून माझा पदर ओढला. ‘‘बस ना वो याडी. भाऊ करते बरोबर.’’

बैलबाजाराची रीत बैलाला ठीक आहे. बैलाला विचारायचं नसतं. पण आमच्या सगळ्या गावाला ती रीत इतकी अंगवळणी पडली होती की एवढ्या लोकांत कुणाला वाटलं नाही, ज्यांचा भाव होतोय त्यातल्या निम्म्या माणसांचा, आम्हा बायकांचा, हात त्या दुपट्ट्याखाली जाऊच शकत नाही. मला वाटलं. मी बोलले. आणि मला हसण्यावारी नेलं.

दुपट्टा पडला. मी दोन्ही तोंडं पाहत होते. शेठचं तोंड लाकडासारखं. देवरावने एकदा आवंढा गिळला, मग मान बारीक हलवली. खाली कापड एकदा हललं, थांबलं, पुन्हा हललं की नाही, ते मी इतक्यांदा आठवून पाहिलं आहे की आता खरं काय पाहिलं ते सांगता येत नाही. मग दुपट्टा निघाला आणि देवरावने हात वर केला. ‘‘जमलं! भोंगा वाजवा!’’ बायकांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात शेवंताने.

बाजाराच्या दिवशी हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, मिळायचा. हमालांची रांग आधी, बायकांची नंतर. आमची पाळी आली तेव्हा हमाल निघून गेले होते. मुनिमाने पहिलीच्या हातावर मजुरी ठेवली. जुनीच. मी विचारलं तर तो म्हणाला, ‘‘बायकांचं मले काई सांगतलं नाई.’’ मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुनीम खुर्ची सोडून आत पळाला एवढं पुरे.

घरी आले तर हे आधीच आले होते. डोकं धुतलेलं, केस विंचरलेले. समोर बालुशाहीचा पुडा. मी दारात उभी राहिले, डोक्यावर कापूस, डोळे लाल. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुडा पुढे सरकवला. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

मीच सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘सुमे, पैसे घरातच आले ना? तुह्या हातात आले काय, माह्या हातात आले काय.’’

मी बालुशाही खाल्ली नाही. त्यांनीही नाही. मुंग्या लागल्या.

हिशेब मलाही कळतो. दोन हातांनी आणलेलं एकाच डब्यात पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण फाटकाशी मी बसले ती डबा भरायला नव्हे. गार पडलेल्या बोटांनी मी दिवसभर जे करते त्याची किंमत शेठने माझ्याकडे पाहून सांगावी, आणि मी ‘नाही, जास्त’ असं म्हणावं, यासाठी बसले होते. ती घासाघीस माझी होती. ती माझ्या वाटची दुसऱ्याने केली, किंवा केलीच नाही.

केली की केलीच नाही, इथंच सगळं अडलं आहे. मी देवरावच्या घरी गेले तेव्हा तो म्हणाला, ‘‘वहिनी, आईची आन, मी मागतलं होतं. शेठनं बोट धरून बाजूले केलं. मंग मी तरी काय करू?’’ आणि थोड्या दिवसांनी पानठेल्यावर तोच हमालांना सांगत होता, ‘‘बायकांचं काढलं असतं तं आपलं बी गेलं असतं, म्हणून काढलंच नाई.’’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मागून नाही मिळालं तर ते भांडण शेठशी. मागितलंच नाही तर माझ्या नावावर, माझ्या बायकांच्या बसण्यावर, आमच्या भाकरीवर त्याने स्वतःचा सौदा केला. दोन्ही खरं असू शकत नाही, आणि दुपट्ट्याखाली काय झालं ते सांगणारी दोनच माणसं. शेठ जिनिंग विकून गेला आणि पुढे वारला.

मी पुन्हा काम बंद करायचं म्हटलं. बायकांच्या घरी गेले. एकीचं पोर आजारी होतं. एकीच्या नवऱ्याला वाढ मिळाली होती, तो दारातच म्हणाला, ‘‘काकू, आमच्या घरात कायले काडी लावता?’’ शेवंता खाली मान घालून बसली. ‘‘याडी, हंगाम होळीपावतो. मंग उन्हाळा पडला आहे. मी काय खाऊ?’’ मी तिला वाईट बोलले.

मी एकटीच फाटकाशी उभी राहिले, काही सकाळी. धुकं असायचं. गाड्या माझ्या बाजूने निघून जायच्या, अडवायला एका बाईचं अंग पुरत नाही. बायका पदर पुढे ओढून आत जायच्या. आणि हमालांच्या घोळक्यात आमचे हे. हातात डबा. डबा मीच भरून दिलेला असायचा, पोळ्या आणि वांग्याची भाजी, कारण घरात भांडण असलं तरी माणसाला उपाशी पाठवायचं नसतं. माझ्याजवळून जाताना ते दुसरीकडे पाहायचे. नंतर भोंगा व्हायचा, यंत्रं सुरू व्हायची, आणि आतून त्या गरम गंजीचा वास यायचा. पायांना गारठा झोंबायचा. मला आत जावंसं वाटायचं. मजुरीसाठी नाही, त्या उबेसाठी.

मी गेले नाही. सरकी दळणाऱ्याकडून ढेपेचं एक पोतं उधार आणलं, गवळ्यांच्या दारोदार विकलं, मग दुसरं आणलं. पुढचं दुकान वगैरे तुम्ही पाहताच आहात. माझ्याकडे आता दोघी जणी कामाला आहेत, ढेप फोडायला आणि पिशव्या भरायला. त्यांच्याशीही मी घासाघीस करते, मऊ नाही मी. त्यातली एक तर तोंडावर म्हणते, ‘‘काकू, तुमच्यापेक्षा शेठ बरा, तो चहा तरी पाजे.’’ पण भाव त्यांच्याशीच होतो, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असा, आणि त्या नाही म्हणाल्या तर मला तोंड पाडून पुन्हा बोलावं लागतं.

घरात मात्र त्या बालुशाहीनंतर काहीतरी कायमचं गप्प झालं. आम्ही भांडलोही नाही नीट. बरोबर जेवलो, पोराला शिकवलं, तो नोकरीला बाहेरगावी गेला, सून आणली. हे छातीच्या दम्याने गेले, हमालांना होतो तो. आजारपणात त्यांची उशी मी बदलायचे आणि त्यात जुन्या जिनिंगमधली रुई होती. एकदा दुपारी ते म्हणाले, ‘‘सुमे, त्या टायमाले...’’ आणि खोकला आला. खोकला थांबल्यावर मी विचारायला हवं होतं असं शेजारीण म्हणते. मी पाणी दिलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

देवराव अजून आहे. गुडघे गेलेत, पण गाय पाळतो, त्यामुळे ढेपेला माझ्याकडेच यावं लागतं. मागच्या आठवड्यात आला, काठी टेकून बाकावर बसला.

‘‘वहिनी, जुन्या माणसाले तरी भाव कमी लावा.’’

‘‘लावते. पहिले तुम्ही सांगा.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘तुमाले मालूम आहे काय ते.’’

तो हसला. ‘‘अजून तेच घेऊन बसल्या तुम्ही? किसन असता तं हसला असता.’’

‘‘माह्या नवऱ्याचं नाव घेऊ नका. पूर्ण भाव द्या आणि पोतं उचला.’’

त्याने पूर्ण भाव दिला. पोतं त्याच्याने उचलेना. माझ्या बाईने रिक्षात टाकून दिलं.

या हंगामात जिनिंगच्या बायका पुन्हा फाटकाशी बसायचं म्हणताहेत. यंत्रं बदलली, कापूस आता नळाने ओढून नेतात, पण डागी बोंड आणि काडी अजून बाईच वेचते. त्यांच्यातल्या तिघी दुकानात आल्या होत्या. कुणाकुणाच्या आया माझ्यासोबत होत्या. शेवंताची सून होती, आवाज तसाच बारीक नाही, चांगला खणखणीत आहे. म्हणाली, ‘‘काकू, युनियनवाले म्हणून राह्यले, देवरावबाबाले मधात घेऊ. जुने आहेत, सगळे मानतात. तुम्ही काय म्हणता?’’

मी त्यांना चहा दिला. उत्तर दिलं नाही, कारण माझं उत्तर देवरावच्या उत्तरावर अवलंबून आहे.

तेव्हा देवराव, हे तुम्हाला लिहिते आहे. रविवारी फाटकाशी सभा आहे. मीही येणार आहे. तुम्ही कुणाच्या मध्ये बसायच्या आधी, त्या पोरींच्या देखत, उभं राहून सांगा: त्या दिवशी बायकांसाठी तुम्ही शेठचं एक तरी बोट दाबलं होतं का? नसेल तर तसं म्हणा, त्या पोरी मग स्वतःचा आकडा स्वतःच्या तोंडाने बोलतील, आणि त्यांच्याजवळ मी उभी राहीन.

आणि एक माझं. शेठ फाटकाबाहेर आला त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आला होता आणि यांना घेऊन नाल्याकडे फिरायला गेला होता. परत येऊन हे न बोलता जेवले होते. बायकांचं मागणार नाही, हे तेव्हाच तुम्ही त्यांना सांगितलं होतं का? बालुशाही घेताना किसनला माहीत होतं का, देवराव? जो माणूस मला सांगू शकला असता तो गेला. आता हे तुम्हालाच सांगावं लागेल, आणि मी उत्तर घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.